फिझाक : कूटशासन आणि लिपिवाचन

(१) प्रास्ताविक

पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही शिक्षकाच्या व्यवसायांत असतांना, एका खेड्यांतील देवळाच्या ओट्यावर बसविलेला शिलालेख वाचण्याचा प्रसंग आम्हांस आला. देऊळ पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, अशी गांवकऱ्यांची श्रद्धा होती. लेखावरील चुना खरवडून अक्षरें लावतां असें निघालें कीं, शके सोळाशेंच्या सुमारास गांवच्या एका पाटलानें स्वतःच्या खर्चानें तें बांधविलें. आम्हीं तें मोठ्या उत्साहानें वृद्ध पुजाऱ्यांस वाचून दाखविलें. ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आपण आमचें देऊळ लहान केलेंत." त्या वाक्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें फ्रान्स देशांतील फिझाक नांवाच्या एका लहान गांवाचा इतिहास वाचनांत आला, तेव्हां तें उत्तर सांपडल्यासारखें वाटलें. म्हणून त्या गांवाचा परिचय वाचकांपुढें ठेवीत आहों.

फिझाक हें नांव आमच्याकडे बहुतेकांनीं ऐकलेंही नसेल. त्याची लोकवस्ती दहा हजारांच्या आंतबाहेर आहे. तें कोणत्याही मोठ्या राज्याची राजधानी नव्हतें. परंतु त्याच्या इतिहासाच्या एका टोंकास एक बनावट सनद आहे, आणि दुसऱ्या टोंकास मिसर देशाची विसरली गेलेली लिपि प्रथम वाचून दाखविणारा पुरुष आहे. मध्यंतरींच्या काळांतील एक इमारत, कांहीं स्तंभ व एका प्राचीन रणक्षेत्राचा वाद, यांविषयींही परंपरा एक सांगते आणि पुरावा दुसरें सुचवितो. जुने कागद व दगड हाताळणाऱ्यांस याहून अधिक बोधप्रद उदाहरण क्वचितच मिळेल.

(२) स्थलवर्णन

फिझाक हें फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत लो या जिल्ह्यांत आहे. जुन्या प्रांतविभागणीप्रमाणें हा केर्सी प्रांताचा वरचा भाग होय, इ. स. २०१६ पासून तो ऑक्सितानी या विस्तृत विभागांत मोडतो. पूर्वेकडील कांतालच्या डोंगराळ मुलुखांतून सेले नांवाची नदी पश्चिमेकडे येते. तिच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडील, तीरावर हें गांव वसलें आहे. सेले पुढें लो नदीस मिळते, लो गारोन नदीस मिळते, आणि तें सर्व पाणी शेवटीं अटलांटिक महासागरास जातें. लो नदीचें पात्र गांवाच्या दक्षिणेस अगदीं जवळून, दोन कोसांच्या आंत, गेलेलें आहे.

या गांवाचें महत्त्व समजण्यास भोंवतालची भूमि समजून घेतली पाहिजे. पश्चिमेस चुनखडीचें पठार पसरलें आहे; त्यास तेथील लोक 'कोस' म्हणतात. पावसाचें पाणी तेथें वर ठरत नाहीं, खडकाच्या भेगांतून खालीं जातें व जमिनीच्या पोटांत गुहा कोरीत वाहतें. माती थोडी, झाडें खुरटीं, आणि धंदा मुख्यतः मेंढ्यांचा. पूर्वेस 'सेगाला' नांवाचा कठीण, स्फटिकमय खडकाचा उंच प्रदेश आहे. तेथील आम्ल मातींत गहूं नीट येत नसे. म्हणून लोक राय नांवाचें धान्य पेरीत, आणि त्या धान्याच्या नांवावरूनच प्रदेशास सेगाला हें नांव पडलें. या दोहोंच्या मध्यें चिकणमातीचा एक सुपीक पट्टा आहे. त्यास 'लिमार्ग' म्हणतात. कुरणें व फळबागा यांविषयीं तो प्रसिद्ध आहे.

फिझाक नेमकें या तीन भूमींच्या सांध्यावर आहे. एकीकडची लोंकर व कातडीं, दुसरीकडचें धान्य व चेस्टनट फळें, मधल्या पट्ट्यांतील फळें व गुरें, यांची अदलाबदल जेथें सोयीची, तेथें बाजार भरणारच. आमच्याकडे घाटाच्या तोंडाशीं पेठा वसल्या त्याचें कारण हेंच. नदीच्या पाण्यावर कातडीं कमावण्याचा धंदाही तेथें चालला. शिवाय ल प्वी या क्षेत्राहून स्पेनमधील सांतियागोकडे जाणारा यात्रामार्ग कोंक येथील मठावरून फिझाकला येतो व पुढें काओर शहराकडे जातो. हा मार्ग आजही पायीं चालणारे लोक वापरतात. त्याचे कांहीं भाग, त्यांत फिझाककडे येणारा एक टप्पाही आहे, इ. स. १९९८ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत घेतले गेले.

तात्पर्य, मठ नसता तरी येथें एखादी पेठ उभी राहिली असती. तथापि ऐतिहासिक काळांत गांव वाढलें तें मठाभोंवतीं, हें निर्विवाद आहे.

(३) मठाची स्थापना : कथा व सनद

गांवची पारंपरिक कथा अशी. फ्रँक लोकांचा राजा पेपिन, ज्यास इतिहासांत 'ठेंगणा पेपिन' म्हणतात व जो सुप्रसिद्ध शार्लमेनचा पिता होय, या दरींतून जात असतां त्यानें आकाशांत कबुतरांचा थवा क्रूसाच्या आकारानें उडतांना पाहिला. हा ईश्वरी संकेत मानून त्यानें तेथें सां-सोव्हर, म्हणजे 'पवित्र तारक', या नांवानें मठ स्थापन केला. या कथेस आधार म्हणून इ. स. ७५५ ची, त्याच पेपिनची म्हणून सांगितली जाणारी, एक सनद दाखविली जात असे.

आतां दुसरी बाजू. फिझाकच्या पूर्वेस सुमारें पंधरा कोसांवर कोंक नांवाचें ठिकाण आहे. तेथील मठास शार्लमेनचा पुत्र धर्मशील लुई यानें इ. स. ८१९ मध्यें सनद दिली होती. कोंक एका अरुंद घळींत आहे. डोंगराच्या उतारावर इमारती कशाबशा टेंकल्या आहेत, आणि विस्तारास किंवा शेतीस वाव नाहीं. लुईचा पुत्र पेपिन हा अक्विटेनचा राजा होता. त्याच्या नांवें इ. स. ८३८ चें शासन आहे. त्याचा मुख्य आशय असा कीं, कोंकची जागा अपुरी असल्यामुळें तेथील मठवासीयांस फिझाक येथें नवी जागा द्यावी व तिला 'नवें कोंक' म्हणावें. या शासनाच्या पाठांतही पुढें कांहीं प्रक्षेप झाला असावा, अशी शंका संशोधकांनीं घेतली आहे. तथापि फिझाकचा मठ नवव्या शतकांत कोंकची शाखा म्हणून निघाला, हें सामान्यतः मान्य आहे.

येथें वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट आलीच असेल. पेपिन दोन आहेत. ठेंगणा पेपिन इ. स. ७६८ मध्यें वारला. अक्विटेनचा पेपिन हा त्याचा पणतू, तो इ. स. ८३८ च्या डिसेंबरांत वारला. नामसादृश्यामुळें पणत्याचें कृत्य पणज्याच्या माथीं मारणें सोपें होतें. आमच्याकडेही एकाच नांवाच्या दोन राजांमुळें वंशावळींत घोटाळे झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. परंतु येथील गोष्ट निव्वळ घोटाळ्याची नाहीं. तींत हेतु आहे.

(४) सनदेची परीक्षा

मूळ मठाचे कांहीं लोक कोंक येथेंच राहिले. इ. स. ८६६ च्या सुमारास त्यांनीं आजां शहरांतून संत फोआ या बालहुतात्मेच्या अस्थि गुप्तपणें हरण करून आणल्या. या 'पवित्र चोरी'चें वर्णन त्यांच्याच परंपरेंत अभिमानानें केलेलें आहे. त्या अस्थींमुळें यात्रेकरूंची रीघ लागली, आणि ओस पडावयाचें तें जुनें कोंक भरभराटीस आलें. आतां माता मोठी कीं कन्या, असा कलह उत्पन्न झाला. फिझाकनें अंकित रहावें असें कोंकचे म्हणणें; आपण स्वतंत्र, किंबहुना वरचढ, असें फिझाकचें म्हणणें. जमिनी, उत्पन्नें, मठाधिपतीची निवडणूक, हें सर्व त्या प्रश्नावर अवलंबून होतें. अकराव्या शतकांत हा वाद पोपच्या दरबारापर्यंत गेला.

अशा वेळीं जुन्यांत जुना कागद ज्याच्या हातीं, त्याची बाजू बळकट. इ. स. ७५५ ची सनद याच कलहाच्या काळांत, म्हणजे तिच्यावरील तारखेनंतर तीनशें वर्षांनीं, तयार झाली, असा अभ्यासकांचा निर्णय आहे. ती खरी ठरली असती तर फिझाकचा मठ कोंकची शाखा नसून थेट फ्रँक राजाच्या हातून, कोंकला लुईची सनद मिळण्याच्याही चौसष्ट वर्षें आधीं, स्थापन झाला असें सिद्ध झालें असतें.

ती खरी कां मानतां येत नाहीं, याचें एक कारण अक्षरवटिका न पाहतांही सांगतां येतें. इ. स. ७५५ च्या सुमारास केर्सी प्रांत ठेंगण्या पेपिनच्या प्रत्यक्ष ताब्यांत नव्हता. तो अक्विटेनच्या ड्यूकांच्या सत्तेखालीं होता, आणि त्या वेळीं वाइफार हा ड्यूक होता. पेपिननें त्याच्यावर स्वारी आरंभिली ती इ. स. ७६० मध्यें, तें युद्ध आठ वर्षें चाललें व वाइफार मारला गेल्यावर इ. स. ७६८ मध्यें संपलें. शिवाय इ. स. ७५४ ते ७५६ या काळांत पेपिनचें लक्ष इटलींतील लोंबार्ड लोकांवरील मोहिमांकडे गुंतलें होतें. जो मुलूख अद्याप जिंकावयाचा आहे, त्यांतील दरींत राजानें स्वस्थपणें मठ स्थापावा व भूमि दान करावी, हें संभवत नाहीं. बनावट लेख करणारा पुष्कळदां शिक्का साधतो, भाषा साधतो. परंतु ज्या काळाचें सोंग तो घेतो, त्या काळची राजकीय स्थिति त्यास ठाऊक नसते, आणि तेथें तो सांपडतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांस हा अपराध अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत कूटशासन करणाऱ्यास वधदंड सांगितला आहे. आमच्या ताम्रपटांतही बनावट ताम्रपट इतके निघाले कीं, डॉ. फ्लीट यांस इ. स. १९०१ मध्यें अशा लेखांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध करावी लागली. युरोपांत लेखपरीक्षेचें शास्त्र पद्धतशीरपणें प्रथम मांडलें तें माबियाँ यानें, इ. स. १६८१ मध्यें. तो बेनेडिक्टाइन पंथाचा मठवासी, आणि फिझाक व कोंक हे दोन्ही मठ त्याच पंथाचे होत! ज्यांच्या दप्तरांत बनावट सनदा शिरल्या, त्यांच्यांतीलच एकानें त्या ओळखण्याची कसोटी दिली, ही गोष्ट त्या पंथास भूषणावह आहे.

वादाचा शेवट सनदेच्या बळावर झालाच नाहीं. इ. स. १०९६ मध्यें नीम येथील धर्मसभेंत, पोप दुसरा अर्बन याच्या वेळीं, दोन्ही मठ परस्परांपासून स्वतंत्र ठरविले गेले व प्रत्येकास आपला मठाधिपति मिळाला. माता माता राहिली नाहीं आणि कन्या कन्या राहिली नाहीं.

(५) व्यापारी नगर

मठाच्या सावलींत वाढलेली पेठ हळूहळू मठाहून बलवान झाली. तेराव्या शतकांत फिझाकचे व्यापारी धनाढ्य होते. त्यांचीं घरें अद्याप उभीं आहेत, व गांवाची खरी शोभा तींच होत. बांधकाम पिवळसर वाळूच्या दगडाचें. तळमजल्यावर दुकानांच्या टोंकदार कमानी, त्यावर जोड खिडक्यांचें राहतें घर, आणि सर्वांत वर छपराखालीं खांबांवर उघडा सज्जा. त्यास स्थानिक भाषेंत 'सोलेल्यो' म्हणतात. तेथें वारा व ऊन मिळे, म्हणून कापड, कातडीं, फळें वाळत घालीत.

इ. स. १३०२ मध्यें राजा चौथा फिलिप, ज्यास 'रूपवान' म्हणत, यानें गांव मठाधिपतीच्या हातून राजसत्तेखालीं घेतलें आणि तेथें नाणीं पाडण्याचा अधिकार दिला. गांवांत त्या काळची एक सुंदर इमारत आहे. तिला 'टांकसाळीचा वाडा' म्हणतात. कोणीही पाहणारा समजतो कीं, राजाचीं नाणीं येथेंच पाडलीं गेलीं. परंतु शोधाअंतीं असें ठरलें आहे कीं, टांकसाळ दुसऱ्या इमारतींत होती, आणि हा वाडा बहुधा नाणीं बदलून देणाऱ्या सराफांचा असावा. नांव मात्र चिकटलें तें चिकटलें. स्थलनाम हा पुरावा खरा. पण तो साक्षीदाराच्या ऐकीव जबानीसारखा आहे, उलटतपासणीखेरीज घेऊं नये.

अशीच गोष्ट गांवाबाहेरच्या 'सुयां'ची. गांवाच्या दक्षिणेस व पश्चिमेस दगडी अष्टकोनी स्तंभ आहेत. एक सुमारें साडेचौदा मीटर उंच, दुसरा सुमारें साडेअकरा. मूळ चार असावेत असें मानतात. कोणी म्हणतात, रात्रीं यात्रेकरूंस वाट दिसावी म्हणून त्यांवर दीप ठेवीत. कोणी म्हणतात, मठाच्या अधिकारक्षेत्राच्या त्या सीमा होत. आमच्याकडील सीमेवरच्या गद्धेगाळी पाहिलेल्या माणसास दुसरें मत सहज पटेल. परंतु सहज पटणें हा पुरावा नव्हे, म्हणून आम्ही तें अधिक संभवनीय इतकेंच म्हणतों.

पुढील काळ कष्टाचा आहे. इंग्लंड व फ्रान्स यांच्या शतवार्षिक युद्धांत, इ. स. १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहानें, केर्सी प्रांत इंग्रजांकडे गेला, व भाडोत्री फौजांनीं मुलूख नागविला. सोळाव्या शतकांत धर्मकलह माजला. इ. स. १५७६ मध्यें प्रॉटेस्टंट पक्षानें फिझाक घेतलें; इ. स. १५९८ च्या नांतच्या फर्मानानंतरही तें त्या पक्षाचें सुरक्षित ठाणें राहिलें, आणि इ. स. १६२२ मध्यें राजसत्तेकडे परत आलें. टेंकडीवरील नोत्र-दाम-द्यु-प्वी या देवालयाचा त्या काळीं किल्ल्यासारखा उपयोग करण्यांत आला होता. राज्यक्रांतीच्या आरंभीं मठसंस्थाच बंद झाली. सां-सोव्हरचें मंदिर मात्र गांवचें देवालय म्हणून आजही उभें आहे.

(६) शाँपोलियाँ बंधु

राज्यक्रांतीस दीड वर्ष झालें नव्हतें, अशा वेळीं, २३ डिसेंबर १७९० रोजीं, फिझाकच्या एका अरुंद गल्लींतील घरांत झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियाँ याचा जन्म झाला. बाप मूळचा आल्प्सकडील दोफिने प्रांताचा. तो येथें येऊन ग्रंथविक्रीचा धंदा करी. आई गांवचीच. वडील भाऊ झाक-झोझेफ बारा वर्षांनीं मोठा. त्यानें पुढें आपल्या नांवास गांवाचें नांव जोडून 'शाँपोलियाँ-फिझाक' असें लिहिण्याचा प्रघात ठेवला. आजारी मातेस एका वैदूनें औषध दिलें व जगभर कीर्ति होणारा पुत्र होईल असें भविष्य सांगितलें, अशी आख्यायिका आहे. तिचें मोल कबुतरांच्या थव्याइतकेंच समजावें. कीर्तीचें खरें कारण निराळें होतें.

तें कारण म्हणजे भावानें लावलेली अभ्यासाची शिस्त. इ. स. १८०१ मध्यें धाकटा भाऊ ग्रेनोब्ल येथें वडील भावाकडे शिकण्यास गेला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी आणि विशेषतः कॉप्टिक, म्हणजे मिसरी ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा, त्यानें आत्मसात् केली. मिसरची प्राचीन भाषाच पुढें रूप बदलून कॉप्टिकमध्यें राहिली आहे, ही त्याची दृढ धारणा होती. प्राकृतांतून मराठीकडे येणाऱ्या अभ्यासकास या धारणेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

इ. स. १७९९ मध्यें नाईल नदीच्या मुखाजवळ रोझेटा येथें फ्रेंच सैनिकांस एक कृष्णवर्ण शिला सांपडली. इ. स. १८०२ पासून ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तीवर राजा पांचवा टॉलेमी याच्या वेळचा, इ. स. पूर्व १९६ चा, पुरोहितांचा ठराव तीन लेखनांत कोरला आहे: चित्रलिपि, लोकव्यवहाराची लिपि व ग्रीक. ग्रीक वाचतां येत होतें. इंग्लंडांतील थॉमस यंग यानें राजनामें वाचण्याच्या दिशेनें पहिलीं पावलें टाकलीं होतीं, त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. शाँपोलियाँनें एक साधी मोजणी केली: ग्रीक भागांतील शब्द ४८६, आणि मोडक्या चित्रलिपि-भागांतील चिन्हें १४१९. एक चिन्ह म्हणजे एक कल्पना असें असतें, तर चिन्हें शब्दांच्या तिप्पट कशीं? अर्थात् त्यांतील पुष्कळ चिन्हें ध्वनिवाचक असलीं पाहिजेत.

टॉलेमी व क्लिओपात्रा या ग्रीक नांवांतील समान अक्षरें ताडून त्यानें वर्ण निश्चित केले. नंतर खुद्द मिसरी राजाच्या नांवाची पाळी आली. एका नाममुद्रेंत आरंभीं सूर्यबिंब, शेवटीं 'स' वर्णाचीं दोन चिन्हें. सूर्यास कॉप्टिकमध्यें 'रा' म्हणतात. मधलें चिन्ह रोझेटा शिलेवर जन्म या अर्थीं आलें होतें, व कॉप्टिकमध्यें जन्म देणें याचा धातु 'मिसे'. नांव निघालें रामसेस. २७ सप्टेंबर १८२२ रोजीं पॅरिसच्या शिलालेख-परिषदेच्या सभेंत, चिटणीस दासिए यांस उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपानें, हा शोध मांडला गेला. पंधरा वर्षांनीं, इ. स. १८३७ मध्यें, प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपि उलगडली आणि कार्ले, नाशिक, कान्हेरी येथील आमचीं लेणीं बोलूं लागलीं. तेथेंही ग्रीक व ब्राह्मी अशीं दोन्ही अक्षरें असलेल्या नाण्यांचें साहाय्य झालें होतें. ज्ञातावरून अज्ञाताकडे जाणें हीच उभयत्र पद्धति होय.

इ. स. १८३१ मध्यें शाँपोलियाँ कॉलेज-द-फ्रान्समध्यें अध्यापक झाला. युरोपांतील संस्कृतचें पहिलें अध्यासन याच संस्थेंत इ. स. १८१४ मध्यें स्थापन झालें होतें, व त्यावर शेझी हे होते. परंतु ४ मार्च १८३२ रोजीं, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, शाँपोलियाँ निवर्तला. त्याचें मिसरी व्याकरण वडील भावानें त्याच्या पश्चात् प्रसिद्ध केलें.

(७) उक्सेलोदुनुमचा वाद

आतां एक प्रकरण राहिलें, व तें आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. नेपोलियनचा पक्ष धरल्यामुळें दोघां भावांस इ. स. १८१६ मध्यें ग्रेनोब्लहून काढून जन्मगांवीं फिझाक येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. त्या सक्तीच्या वास्तव्यांत धाकट्यानें कॉप्टिकचें काम चालूं ठेवलें व गांवांत नव्या पद्धतीची शाळा काढण्यांत भाग घेतला. याच काळांत जवळच्या काप्देनाक या ठिकाणाकडे दोघांचें लक्ष गेलें.

सीझरच्या गॉल देशावरील युद्धवृत्ताचा आठवा भाग हिर्तियस यानें लिहिला आहे. त्यांत इ. स. पूर्व ५१ मधील उक्सेलोदुनुम नांवाच्या गडाच्या वेढ्याचें वर्णन येतें. रोमन लोकांनीं बोगदा खणून झऱ्याचें पाणी तोडलें, तेव्हां गड पडला. आणि सीझरनें शस्त्र धरणाऱ्यांचे हात तोडविले. हा गड कोठें, याविषयीं केर्सींतील अनेक गांवें परस्परांशीं भांडत. काप्देनाक लो नदीच्या वळणांत उंच कड्यावर आहे. स्थळ वर्णनास शोभतें. वडील बंधूनें तेथें शोध करून इ. स. १८२० मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला व तेंच उक्सेलोदुनुम असें प्रतिपादिलें.

परंतु पुढें, इ. स. १८६० नंतरच्या दशकांत, उत्तरेकडील प्वी दिसोलू या डोंगरावर खणतांना झऱ्याखालीं प्राचीन बोगदे निघाले. त्यानंतरच्या उत्खननांत त्याच झऱ्याजवळ बाणांचीं व यंत्रांनीं फेंकावयाच्या अस्त्रांचीं लोखंडी अग्रें शेंकड्यांनीं मिळालीं. इ. स. २००१ मध्यें फ्रेंच सरकारच्या संस्कृतिखात्यानें तेंच स्थळ अधिकृतपणें मान्य केलें. म्हणजे ज्या घरानें मिसरचे मुके दगड बोलते केले, त्याच घरानें आपल्या दाराजवळच्या डोंगराविषयीं चूक केली.

चूक कां झाली? विद्वत्ता कमी होती म्हणून नव्हे. त्या वेळीं खणून पाहण्याचें साधन अपुरें होतें, हें एक कारण. परंतु स्वग्रामाचें प्रेम हेंही एक असावें, असें आम्हांस वाटतें. मिसर दूर होतें, तेथें हवें तें उत्तर असा कांहीं आग्रह नव्हता. काप्देनाक खिडकींतून दिसण्याइतकें जवळ होतें.

(८) आजचें गांव

विसाव्या शतकानेंही फिझाकला दुःख दिलें. १२ मे १९४४ रोजीं जर्मन फौजेनें गांवांतील व आसपासचे शेंकडों पुरुष धरून नेले. बंदिछावण्यांत गेलेल्यांपैकीं पुष्कळ परत आले नाहींत. आज हें उपजिल्ह्याचें ठाणें आहे, आणि विमानांचे पंखे व सुटे भाग करण्याचे कारखाने हा त्याचा मोठा उद्योग आहे. शाँपोलियाँच्या जन्मघरांत इ. स. १९८६ मध्यें संग्रहालय उघडलें, इ. स. २००७ मध्यें तें वाढवून जगांतील सर्व लिपींस वाहिलें गेलें. शेजारच्या चौकांत इ. स. १९९१ पासून रोझेटा शिलेची काळ्या दगडांतील प्रचंड प्रतिकृति जमिनीवर आंथरलेली आहे; तिच्यावरून माणसें चालतात. ती मूळ शिला नव्हे, आणि तसा दावाही कोणी करीत नाहीं. नक्कल जेव्हां नक्कल म्हणूनच पुढें येते, तेव्हां ती कूट नसते.

(९) उपसंहार

ठेंगण्या पेपिनला फिझाकच्या इतिहासांतून काढल्यानें गांव लहान झालें काय? आमच्या मतें नाहीं. तो निघून जातांच त्याच्या मागें झांकलेलीं माणसें दिसूं लागतात: अरुंद घळ सोडून नव्या दरींत शेत करावयास आलेले मठवासी, तीन भूमींचा माल एकत्र आणणारे व्यापारी, कमानी घडविणारे पाथरवट, दोन मुलांस वाढविणारा ग्रंथविक्रेता. बनावट सनद राजाला कांहीं देत नाहीं, त्याच्याजवळ पुष्कळ असतें. ती खऱ्या कर्त्यांचें तेवढें हिरावून घेते. अशा कर्त्यांचें देणें फेडणें हेंच संशोधकाचें काम आहे, आणि तें करतांना त्याचा स्वतःचा जन्मगांवही कसोटींतून सुटूं नये, हें काप्देनाकच्या प्रकरणावरून दिसतें.

आरंभीं सांगितलेले वृद्ध पुजारी आतां हयात नाहींत. असते, तर आम्हीं त्यांस नम्रपणें सांगितलें असतें कीं, महाराज, देऊळ आहे तेवढेंच आहे. पांडवांस त्याची गरज नव्हती. ज्या पाटलानें पदरचे पैसे घालून तें बांधिलें, त्याचें नांव दोनअडीचशें वर्षें चुन्याखालीं होतें. तें आपल्या ओट्यावर पुन्हां आलें, इतकेंच आमच्या हातून झालें.